हातात बसणारा चाकू

गिऱ्हाईक चाकू मागायला आलं की मी आधी त्याचा हात बघत असे, तोंड नंतर. हात मोठा की लहान, बोटं आखूड की लांब, तळव्याला घट्टे आहेत का, नखं वाढवलेली आहेत की मुळापर्यंत कुरतडलेली. घडीचा चाकू नखाने उघडायचा असतो. पात्याच्या पाठीजवळ एक बारीक खाच असते, तिच्यात नख अडकवून पातं बाहेर ओढायचं. ज्याला नखच नाही त्याला कडक स्प्रिंगचा चाकू दिला, तर तो घरी जाऊन दातांनी उघडणार आणि दुसऱ्या दिवशी सुजलेला ओठ घेऊन भांडायला येणार. आमच्याकडे असं झालेलं आहे.

काशीत चौकातून ठठेरी बाजाराकडे जाणाऱ्या गल्लीत आमचं दुकान होतं. चाकू, कात्र्या, अडकित्ते, वस्तरे. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, ते थाटलं. ह्यांना दुकानात रस नव्हता, हे रेल्वेत नोकरीला लागले. मामंजींचे डोळे अधू झाले तेव्हा मी त्यांचा डबा घेऊन दुपारी दुकानात जायला लागले. ते जेवेपर्यंत गिऱ्हाईक बघायचं, एवढंच ठरलं होतं. पुढे मामंजी आतल्या गादीवर आणि मी बाहेर गल्ल्यावर, अशी कायमची वाटणी झाली. आमचं बिऱ्हाड रामघाटावर, शास्त्री-वैदिकांच्या वस्तीत. तिथली सून बाजारात बसून चाकू विकते म्हणून मराठी घरांत बरीच कुजबुज झाली. मग हळूहळू त्याच घरांतल्या विळ्या धार लावायला माझ्याकडे येऊ लागल्या आणि कुजबुज थांबली. बाजारात मी 'चाकूवाली भाभी' आणि रामघाटावर सगळ्यांची 'काकू' झाले.

लोकांना वाटतं, चाकू धार बघून घ्यावा. धार कुणीही लावून देतो. बघायची असते ती मूठ. पातं उघडून मूठ आवळायची. चारही बोटं तिच्यावर नीट बसली पाहिजेत. करंगळी बाहेर लोंबत राहिली तर चाकू तुमच्या हाताला लहान. मुठीचे कोपरे बोटांना लागले तर तो दुकानात कितीही देखणा दिसो, घरी गेल्यावर एक पपई कापून होईपर्यंत तळव्याला फोड आलाच म्हणून समजा. नंतर चाकू मिटवून खिशात घालायचा आणि चालून, बसून बघायचं. मी गिऱ्हाइकाला दुकानासमोरच्या दगडी पायरीवर उकिडवं बसायला लावत असे. चाकू घ्यायला आलेला धडधाकट माणूस भर बाजारात उठाबशा काढतोय हे बघून शेजारचे पितळी भांडीवाले हसत. पण जो चाकू बसल्यावर मांडीत रुततो, तो माणसं चार दिवसांत घरी ठेवून देतात. मग रोज जवळ बाळगायचा चाकू घेतलाच कशाला?

सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे गजाननगुरुजी. रामघाटावरच्या वेदपाठशाळेत शिकवत. त्यांना पूजेच्या तयारीला, फळं-नारळाच्या शेंड्या कापायला चाकू हवा होता आणि धोतराला खिसा नसतो. चाकू कनवटीला खोचायचा. "मला असा द्या," ते म्हणाले, "की संहिता म्हणताना पोटाला टोचता कामा नये." आता हे बघायचं कसं? गुरुजींनी सरळ दुकानात मांडी घातली, चाकू कमरेला खोचला आणि खड्या आवाजात म्हणायला सुरुवात केली. थोडं म्हणून झालं की मान हलवायची, चाकू बदलायचा, पुन्हा सुरू. गल्लीतून जाणारे दुकानापुढे हात जोडून उभे राहू लागले. शेवटी एक चपटा, शिशवी मुठीचा चाकू त्यांच्या श्वासाच्या आड येईना, तो त्यांनी घेतला. पुढे कितीतरी वर्षं तो त्यांच्या कमरेला होता.

अशी माणसं पुष्कळ आली. पण दिवाळी अंकासाठी काही लिहा म्हटल्यावर मला पहिली आठवली ती गुरुजींची मुलगी, मुक्ता. जिला मी एकदा चाकू नाकारला होता.

नव्वद साल उलटून थोडी वर्षं झाली होती. केबलची वायर आमच्या गल्ल्यांच्या डोक्यावरून नुकतीच लोंबायला लागली होती. थंडीचे दिवस होते, वीज गेलेली होती. मी उजेडासाठी दुकानाच्या उंबऱ्याशी बसून कात्र्या पुसत होते. मुक्ता आली. नुकतीच बीए झाली होती आणि चौकाच्या पलीकडे एका मुलींच्या शाळेत शिकवायला लागली होती. गुरुजींच्या घराण्यात नोकरी करणारी पहिली मुलगी. तिच्या आईने, सुशीलावहिनींनी, नवऱ्याच्या मागे लागून लागून ही परवानगी मिळवली होती. आणि मिळाल्यापासून मुलगी घरी येईपर्यंत त्या स्वतःच खिडकीत उभ्या असत.

"काकू, एक चाकू दाखवा ना," मुक्ता म्हणाली. "रोज पर्समध्ये ठेवायला."

मी सवयीने तिचा हात बघितला. लहानसा, निमुळता हात, बोटांना खडूची पूड. एवढी थंडी, पण तळवा ओला होता. मी तिच्यापुढे छोट्या पात्याचा, गोल मुठीचा चाकू ठेवला. तिने तो उघडून बघितला न बघितला.

"असा नको. थोडा बडा. आणि झटकन उघडणारा. तो बटनवाला असतो ना, तसा."

"खटक्याचा आम्ही ठेवत नाही. कायद्याला चालत नाही आणि मामंजींनाही."

आतून मामंजी नुसतं "हं" म्हणाले.

"आणि पेरू कापायला एवढी घाई कशाला गं?" मी विचारलं.

"पेरू नाही कापायचा."

"मग काय कापायचंय?"

ती चिडली. "तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना असं विचारता?"

"सगळ्यांना. तुझ्या बाबांना तर मी दुकानात संहिता म्हणायला लावली होती."

ही गोष्ट रामघाटावर सगळ्यांना ठाऊक होती, एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिचे डोळे भरून आले. मी तिला आत घेतलं, स्टुलावर बसवलं. मामंजी उठले आणि "मी जरा पान खाऊन येतो" म्हणून काठी टेकत बाहेर गेले. ते पान खात नसत.

मग तिने सांगितलं. दिवाळी झाल्यापासून एक माणूस तिच्या मागे येत होता. शाळा सुटली की फाटकापासच्या चहाच्या टपरीवरून उठायचा आणि तिच्यामागे चालायला लागायचा. तिशीचा असेल, अंगावर राखाडी शाल. बोलायचा नाही. ती थांबली की थांबायचा, ती चालली की चालायचा. तिच्या घराची गल्ली आली की तोंडाशी उभा राहून बघत राहायचा. आदल्या आठवड्यात गर्दीत त्याने तिचा दुपट्टा मुठीत धरला होता. ती ओढून पळाली.

"घरी सांगितलंस?"

"पागल आहात का काकू? घरी सांगितलं की नोकरी बंद. आई उद्याच मामाला स्थळ बघायला लिहील. मला त्याची जेवढी भीती वाटते ना, त्याहून घरच्यांची वाटते." तिने नाक पुसलं. "शाळेत सांगितलं तर म्हणतील, हिच्यामुळे बदनामी. मी कुणाला काही सांगणार नाही. एकदा चाकू दाखवला की पळेल तो."

मी उठले आणि फळीवरून एक जुना चाकू काढला. त्याची धार मी घासून घालवलेली होती, गिऱ्हाइकांना उघडणं-मिटणं दाखवायला तो ठेवला होता. तो उघडून तिच्या हातात दिला आणि पुढ्यात लाकडी फळी उभी धरली.

"हाण," मी म्हटलं. "तो समोर उभा आहे असं समज आणि हाण."

तिने खरोखरच जोर लावला. पातं फळीला लागलं, स्प्रिंग दबली आणि पातं उलटं मिटून तिच्याच बोटांवर आपटलं. ती किंचाळली. धार नव्हती म्हणून बोटांवर नुसता लाल वळ उठला.

"धार असती तर?" मी विचारलं.

ती बोटांकडे बघत राहिली. घडीच्या साध्या चाकूचं हे कुणाला माहीत नसतं. पातं नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उघडं असतं. भाजी, दोरी, फळ, सगळीकडे आपण ते ओढतो, म्हणून मिटत नाही. भोसकायला गेलं की ते मिटणार, आणि मिटताना वाटेत आपली बोटं असतात.

"मग लॉकवाला द्या," ती म्हणाली.

"लॉकवालाही देणार नाही. तू घाबरलेली असशील, तो घाबरलेला नसेल. तुझ्या हातातून चाकू काढून घ्यायला त्याला किती वेळ लागणार? आज त्याच्याकडे चाकू नाही. तू एक घेऊन जाशील त्याच्यासाठी."

"म्हणजे मी काहीच करायचं नाही."

"शाळा सुटली की इथे ये. मी तुला घरी सोडत जाईन."

"किती दिवस सोडाल, काकू?"

ती उठली, दुपट्टा डोक्यावरून घेतला. "तुम्ही पण शेवटी आईसारख्याच," असं म्हणून निघून गेली. पायरी उतरताना एवढं म्हणाली, "घरी बोलू नका. शपथ आहे."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मी दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. ती आली नाही. गिऱ्हाइकं येत-जात होती, माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. एका बाईला कात्रीऐवजी अडकित्ता बांधून दिला. घरी जाताना मुद्दाम गुरुजींच्या घरावरून गेले, तर आतून मुक्ताचा आवाज आला आणि जीव भांड्यात पडला. पण तेवढ्यापुरताच.

"काय झालंय तुला?" मामंजींनी रात्री जेवताना विचारलं.

"एक गिऱ्हाईक परत पाठवलं. ते दुसरीकडे जाईल असं वाटतंय."

"मग आपण त्याच्या मागे जावं," मामंजी म्हणाले आणि भात कालवू लागले. त्यांनी काय ऐकलं होतं नि किती, ते मला कधी कळलं नाही.

पुढच्या दिवशी मी दुपारीच मामंजींवर दुकान सोपवलं आणि मुक्ताच्या गल्लीच्या तोंडाशी बैजनाथ दहीवाल्याच्या फळीवर जाऊन बसले. मुक्ताचं घर ज्या गल्लीत होतं ती पुढे बंद होती. उजवीकडे, डावीकडे घरं आणि शेवटी भिंत. समोरासमोर दोन माणसं आली तर एकाने अंग चोरावं एवढीच रुंदी. बैजनाथने दह्याचं मातीचं कुल्हड माझ्या हातात दिलं. मी ते धरून बसले, खाल्लं नाही.

मुक्ता आली. भराभर चालत होती, दुपट्टा गळ्याभोवती गुंडाळलेला, उजवा हात खांद्याच्या पर्समध्ये कोपरापर्यंत घातलेला. मला तिने बघितलंच नाही. तिच्या मागून राखाडी शाल. इतके दिवस तो गल्लीच्या तोंडाशी थांबत होता. त्या दिवशी थांबला नाही, तिच्यामागे आत शिरला.

मी उठले तोवर मुक्ता गल्लीच्या मध्यावर थांबली होती. ती मागे वळली होती आणि तोंड त्याच्याकडे केलं होतं. चेहरा पांढराफटक. पर्समधला हात बाहेर यायला लागला होता.

"मुक्ते!" मी एवढ्या जोरात ओरडले की वरच्या खिडक्या उघडल्या. "अगं किती उशीर! कधीची वाट बघतेय तुझी!"

त्या माणसाच्या अंगाला घासूनच मी पुढे घुसले. माझ्या हातातलं दही त्याच्या शालीवर सांडलं. मी मुक्ताचा दंड धरला आणि तिच्या कानाशी म्हटलं, "हात बाहेर काढ. रिकामा."

तिचा हात पर्समध्येच राहिला. मुठीत काहीतरी कडक होतं, मला पर्सच्या कापडातून ते लागलं.

"मुक्ता. रिकामा."

तिने मूठ सोडली. हात बाहेर आला. मी तो माझ्या दोन्ही हातांत धरून ठेवला आणि मग त्या माणसाकडे वळले. आता मला भीती वाटायला पाहिजे होती, पण आयुष्यभर गिऱ्हाइकांशी बोललेली बाई मी, तोंडातून तेच निघालं.

"कहिए भाई साहब, क्या चाहिए?"

तो गडबडला. शालीवरचं दही पुसत म्हणाला, "कुछ नहीं. घाट पे जा रहे हैं."

मागून बैजनाथचा आवाज आला. तो फळीवरून उतरून गल्लीच्या तोंडाशी उभा होता, हातात दह्याचा पळा. "ए भइया, ई गली त आगे बंद हौ. घाट कहाँ से जइबा?"

वरच्या खिडकीतून कुणीतरी हसलं. काशीच्या गल्लीत एक माणूस हसला की तमाशा सुरू झाला असं समजून दहा दारं उघडतात. दारं उघडली. हातात लाटणं घेतलेली एक म्हातारी बाहेर आली, तिच्यामागे तिच्या सुना. कुणी विचारलं, "के हौ?" कुणी म्हणालं, "रोज नुक्कड़ पर खड़ा रहता है, हम देखे हैं." त्या माणसाने बाहेर पडायला पाऊल उचललं, पण बैजनाथ बाजूला झाला नाही. वाकून त्याच्या तोंडाकडे निरखून बघत राहिला.

"अरे! तू त साड़ीवाले साहूजी क भतीजा हउआ! तोहार चाचा सबेरे हमरे इहाँ से दही ले जालन."

त्या माणसाचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. इतके दिवस त्याला नाव नव्हतं. नाव नसलेला माणूस कुठेही उभा राहू शकतो, कुणाचाही दुपट्टा धरू शकतो. आता त्याला नाव होतं, काका होता, काकाचं दुकान होतं आणि त्या काकाला रोज सकाळी भेटणारा बैजनाथ होता. त्याने शाल डोक्यावरून ओढली. लाटणंवाल्या म्हातारीने त्याला काय काय ऐकवलं ते दिवाळी अंकात छापता यायचं नाही. बैजनाथ अखेर बाजूला झाला तेव्हा तो माणूस तोंड लपवून, धडपडत गेला. "चाचा से भेंट होई त कहब, घाट खोजत रहलन!" काकाला भेटलो की सांगतो म्हणून बैजनाथने मागून ओरडून बजावलं आणि सगळी गल्ली हसली.

मी मुक्ताला घेऊन बैजनाथच्या दुकानाच्या आतल्या बाजूला गेले, दह्याच्या मोठ्या मडक्यांच्या मागे बसले आणि तिची पर्स उघडली.

आत खटक्याचा चाकू उघडा पडला होता. कुठल्याशा फूटपाथवाल्याकडून तिने तो आदल्या दिवशी घेतला होता. चालताना बटण आपोआप दाबलं गेलं असणार. पर्सचं अस्तर टरकलं होतं, मुलींच्या निबंधाच्या एका वहीचा पुठ्ठा चिरला होता, आणि तिच्या तर्जनीच्या कडेला एक बारीक लाल रेघ होती. तिला ती लागल्याचं कळलंही नव्हतं. मी चाकू हातात घेतला. मुठीचे कोपरे टोकदार, खिळे वर आलेले, पातं खिळखिळं, तिच्या हाताला दुपटीने मोठा. इतका वाईट चाकू मी कधी कुणाच्या हातात दिला नसता. मी आधी तो खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि मग मिटवला.

"काकू," मुक्ता म्हणाली, "मी काढणार होते."

"माहितीये."

"तुम्ही आला नसतात तर..."

"आले ना पण."

ती रडायला लागली आणि मीही. बैजनाथने पडद्यातून डोकं घातलं, आम्हाला बघितलं आणि घाईघाईने दोन कुल्हडं सरकवून गेला. त्या वेळी मात्र मी दही खाल्लं. तसं गोड दही मी पुन्हा खाल्लेलं नाही.

रडून झाल्यावर मुक्ताला घर आठवलं. "आता बाबांना कळणार. सगळ्या गल्लीने बघितलं. गेली माझी नोकरी."

"कुणी सांगायच्या आत आपणच सांगू," मी म्हटलं. चाकू मी माझ्या पिशवीत टाकला, तिला उठवलं आणि आम्ही गल्लीत परत शिरलो.

गुरुजी नुकतेच पाठशाळेतून येऊन ओसरीवर बसले होते. सुशीलावहिनी दारातच होत्या. घर गल्लीच्या वळणापलीकडे, त्यामुळे आवाज त्यांच्यापर्यंत गेला होता, गोष्ट गेली नव्हती. सगळं मीच सांगितलं. माणूस, शाल, दुपट्टा, बंद गल्ली, बैजनाथ. चाकूही सांगितला. लपवून उपयोग नव्हता, तिच्या बोटाला रक्त होतं.

सुशीलावहिनी मटकन खाली बसल्या. "झालं," त्या म्हणाल्या. "बस्स झाली ती नोकरी. उद्यापासून घराबाहेर पडायचं नाही. मी म्हणतच होते..."

"तू म्हणत नव्हतीस," गुरुजी म्हणाले. "तू नोकरी करू दे म्हणत होतीस."

त्यांचा हात कनवटीला गेला, शिशवी मुठीच्या त्या चाकूवर टेकला आणि तिथेच राहिला. मुक्ता जमिनीकडे बघत उभी होती. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, की गुरुजी असं म्हणाले तर मी तसं म्हणेन. अखेर त्यांनी मुलीकडे बघितलं.

"दिवाळीपासून?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही शाळा सोडायला लावली असतीत, बाबा."

गुरुजींनी हे ऐकून घेतलं. नाकारलं नाही. मग म्हणाले, "उद्यापासून शाळा सुटते त्या वेळी मी त्या बाजूला येत जाईन. नाहीतरी मला भाजी आणायची असते."

सुशीलावहिनींनी पदर डोळ्यांवरून काढला. "भाजी? तुम्ही? तुम्हाला दुधी आणि पडवळ वेगळं ओळखू येत नाही!"

"येईल ओळखू. शिकेन," गुरुजी म्हणाले.

मुक्ता हसली. रडताना माणूस हसतो तसं, नाकातून. मग वहिनी हसल्या. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी ओसरीच्या खांबाला धरून इतकी हसले की पोट दुखायला लागलं. जुळवून ठेवलेलं एकही वाक्य मला वापरावं लागलं नाही.

तो चाकू मी दुकानात नेला, लोखंडी पकडीत आवळला, त्याची स्प्रिंग काढली आणि पातं मोडलं. मामंजी आवाज ऐकत होते. तुकडे पडल्यावर म्हणाले, "चांगला माल नव्हता." "अजिबात नव्हता," मी म्हटलं.

गुरुजी खरोखरच भाजी आणायला लागले. सबंध थंडी त्यांनी निबर वांगी, मऊ पडलेला मुळा आणि कडू दुधी घरी आणला, आणि सुशीलावहिनींनी एक अक्षर न बोलता शिजवला. बाप पिशवी घेऊन पुढे आणि मुलगी मागे, अशी ती जोडी आमच्या दुकानावरून जायची. साहूजींचा पुतण्या पुन्हा दिसला नाही. काकाने त्याला गावी धाडलं असं बैजनाथकडून कळलं. होळी जवळ आली तेव्हा मुक्ताच म्हणाली, "बाबा, आता पुरे. आणि भाजी मी आणते."

त्यानंतर ती दुकानात आली. ह्या वेळी बरोबर गुरुजी होते.

"हिला एक चाकू द्या," ते म्हणाले. "मुली डब्यात पेरू, संत्री आणतात, हिला कापून मागतात म्हणे."

मुक्ताने हात माझ्यापुढे धरला, मी न मागता. हात कोरडा होता. आम्ही सबंध दुपार लावली. एक मोठा वाटला, एकाची मूठ गुळगुळीत, ओल्या हातातून सटकेल म्हणून नको झाला, एकाची स्प्रिंग कडक. गुरुजी प्रत्येक चाकूवर मत देत होते आणि आम्ही दोघी ते ऐकत नव्हतो. शेवटी एक सापडला. आखूड पातं, मध्ये जरा फुगीर अशी लाकडी मूठ. तिने आवळली तशी चारही बोटं जागच्या जागी बसली, करंगळीसुद्धा. नखाला खाच सहज सापडली. तिने तो उघडला, मिटवला, पुन्हा उघडला.

"हातात आहे असं वाटतच नाही, काकू."

चांगल्या चाकूचं ह्यापेक्षा मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

आता ते दुकान नाही. मामंजी गेले, माझे गुडघे गेले, आणि गिऱ्हाइकं हात न दाखवता चाकू घ्यायला लागली. एकाच मुठीत कात्री, स्क्रू फिरवायचा पेचकस, दातकोरणं असलेले चाकू आले, ते कुठल्याच हातात धड बसत नाहीत. वाईट वाटतं. पण मुक्ताचं म्हणाल तर ती त्याच शाळेत राहिली, लग्नानंतरही राहिली, आणि तिथल्या मुली तिला घाबरतात असं ऐकते.

तिने तो चाकू घेतला त्याच वर्षी, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी, ती तिच्या वर्गाला गंगेपलीकडच्या वाळूत घेऊन गेली आणि मलाही ओढून नेलं. सकाळी निघालो, दिवसभर मुलींनी वाळूत धुडगूस घातला. मुक्ता त्यांच्या मधोमध बसून कलिंगडाच्या फोडी कापत होती, चाकू पुसत होती, पुन्हा कापत होती, आणि एकीकडे कुणाचं भांडण सोडवत होती. परतताना नाव भरलेली, मुली गात होत्या, वल्ह्यांचा आवाज येत होता. मी मुक्ताच्या शेजारी टेकले आणि त्या गोंगाटात मला गाढ झोप लागली. जागी झाले तेव्हा नाव बालाजी घाटाला लागत होती आणि ती मला हलवून म्हणत होती, "काकू, उठा. पोहोचलो."